कृष्णविवराची क्ष-किरण चमक कशी मोजायची: खेड्यातून, मोबाईलच्या नेटवर

हा लेख बी.एस्सी.च्या पोरापोरींसाठी लिहिलाय. पण बारावीचं गणित झालेल्या आणि एक्सेलमध्ये आलेख काढता येणाऱ्या कुणालाही तो पुरेल. दारव्ह्यात असा, मेहकरला असा की सिंदेवाहीला, दुर्बीण नाही म्हणून अडत नाही, कारण या कामाला घरची दुर्बीण लागतच नाही. क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात. जमिनीवरून ते पुण्याच्या माणसाला दिसत नाहीत आणि टोकियोच्याही. सगळे जण उपग्रहांनी मोजलेलेच आकडे वापरतात, आणि त्यातले बरेचसे आकडे कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

सामान मोजकंच आहे: एक लॅपटॉप (सुरुवातीला मोबाईलवरचं गुगल शीट्सही चालतं), मोबाईलचं हॉटस्पॉट, आणि एक जाड वही. वहीला कमी लेखू नका. कोणती फाइल कोणत्या तारखेला उतरवली, त्यातून काय काढून टाकलं आणि का, हे लिहिलं नसेल तर पंधरा दिवसांनी आपलाच आलेख आपल्याला कळत नाही.

एक पथ्य पाळा. संथ बदलापासून सुरुवात करा, जलद बदल मागाहून. पोरं यूट्यूबवर काहीतरी बघून थेट सेकंदाला ६७ वेळा होणारी थरथर शोधायला निघतात. फाइल असते कित्येक जीबीची, रेंज मिळते दोन काड्या, आणि आठवड्याभरात उत्साह मावळतो. महिन्यांचा बदल एका एमबीच्याही आतल्या फाइलीत मावतो आणि शिकवतो बरंच.

आधी घड्याळाचा हिशेब

आपण मोजतोय ते कृष्णविवर नाही, त्याच्याभोवतीचा तापलेला वायू. शेजारी एक साधा तारा असतो, त्याच्याकडून वायू ओढला जातो. तो थेट आत पडत नाही. फिरत फिरत त्याची तबकडी होते. आतल्या कडेला तिचं तापमान कोटभर अंशांपर्यंत जातं आणि तिथून क्ष-किरण निघतात. तबकडीच्या आतल्या भागाजवळ त्याहून कितीतरी तापलेला विरळ वायूही असतो, त्याला करोना म्हणतात. तबकडीचे मऊ किरण या करोनात आदळून जास्त ऊर्जेचे, म्हणजे कठीण होऊन बाहेर पडतात. मऊ आणि कठीण हे दोन शब्द पुढे सारखे लागणार आहेत.

चमक बदललेली दिसली की पहिला प्रश्न विचारायचा: किती वेळात? सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३० किलोमीटर. ते स्वतःभोवती फिरत नाही असं धरलं, तर वायूला टिकून फिरता येईल अशी सर्वांत आतली कक्षा ९० किलोमीटरवर येते, आणि तिथला वायू सेकंदाला सुमारे २२० फेऱ्या मारतो. म्हणजे मिलिसेकंदांत होणारे बदल या कडेच्या आसपासचेच असणार. जोडीदार ताऱ्याची फेरी तासांची किंवा दिवसांची असते (पुढची चारही नावं अशा जोड्यांची): मॅक्सी जे१८२०+०७० मध्ये साडेसोळा तास, सिग्नस एक्स-१ मध्ये ५.६ दिवस, व्ही४०४ सिग्नीमध्ये साडेसहा दिवस, जीआरएस १९१५+१०५ मध्ये जवळपास ३४ दिवस. आणि आठवडे-महिने चालणारे मोठे चढउतार अख्ख्या तबकडीचे.

या मोठ्या चढउतारांचं कारण समजून घ्या, आलेख वाचताना ते कामी येतं. कित्येक जोड्या वर्षानुवर्षं शांत असतात. त्या काळात तबकडी थंड असते, वायू आत सरकत नाही, नुसता साठत जातो. साठा वाढला की तापमानही वाढतं. ते दहा हजार अंशांच्या आसपास गेलं की हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागतात, तबकडीतलं अंतर्गत घर्षण एकदम वाढतं आणि साठलेला माल भराभर आत पडतो. हा उद्रेक. म्हणून बहुतेक आलेख वर जाताना खडे चढतात आणि उतरताना सावकाश उतरतात. व्ही४०४ सिग्नी १९८९ नंतर थेट जून २०१५ मध्ये पुन्हा पेटला. जीएक्स ३३९-४ मात्र दर दोन-तीन वर्षांनी हजेरी लावतो, त्यामुळे शिकणाऱ्याला तो सोयीचा.

पहिली फाइल

जपानची मॅक्सी ही दुर्बीण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २००९ पासून बसवलेली आहे. स्थानक पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी मारतं, त्याबरोबर मॅक्सीची नजर जवळजवळ सगळ्या आकाशावरून फिरते. जपानच्या रिकेन संस्थेच्या संकेतस्थळावर मॅक्सीच्या सगळ्या स्रोतांची यादी आहे. तिथे मॅक्सी जे१८२०+०७० शोधा. नावातच त्याचा आकाशातला पत्ता आहे: विषुवांश १८ तास २० मिनिटं, क्रांती उत्तर ७ अंश. मार्च २०१८ मध्ये हा उजळला आणि काही काळ क्ष-किरण आकाशातल्या सर्वांत तेजस्वी स्रोतांत जाऊन बसला. नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. उद्रेक मोठा, आकडे स्वच्छ, आणि गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण.

दिवसाच्या सरासरीची फाइल घ्या, दर फेरीची नको. ती साध्या मजकुराची असते. शीटमध्ये घेताना रकाने मोकळ्या जागेवर तोडायला सांगा. एकूण नऊ रकाने मिळतील: तारीख, मग २ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधली (हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) एकूण चमक आणि तिची त्रुटी, त्यानंतर २–४, ४–१० आणि १०–२० या तीन पट्ट्यांची चमक, प्रत्येकीशेजारी तिची त्रुटी. चमक म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला आलेले फोटॉन.

तारखेचा आकडा बघून पोरं दचकतात. ५८१८९ ही कुठली तारीख? खगोलात दिवस सलग मोजतात, त्याला एमजेडी म्हणतात. त्यातून १५०१८ वजा करा आणि त्या रकान्याला तारखेचं स्वरूप द्या, शीट स्वतःच १२ मार्च २०१८ दाखवेल. वेळ ग्रिनिचची आहे हे लक्षात असू द्या. आपल्या घड्याळाला साडेपाच तास मिळवावे लागतात.

आता आलेख काढा, आडव्या अक्षावर तारीख आणि उभ्यावर एकूण चमक. त्रुटीच्या दांड्यांशिवाय आलेख काढायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दांडी मोठी असलेला बिंदू कितीही उंच गेला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. काही ठिकाणी चमक ऋण दिसेल. घाबरू नका, पार्श्वभूमी वजा केल्यावर मंद स्रोताचं असं होतं. मध्येमध्ये खिंडारंही दिसतील. सूर्य जवळ आला, स्थानक किरणोत्सर्गाच्या पट्ट्यातून गेलं, स्थानकाचाच एखादा भाग आड आला, की मोजणी थांबते. खिंडाराच्या दोन्ही काठांवरचे बिंदू संशयानेच बघा. आणि रिकाम्या जागी शून्य भरू नका, ती रिकामीच ठेवा.

मोजमापाला एकक हवं. क्रॅब तेजोमेघाची (एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांची) चमक बऱ्यापैकी स्थिर असते, म्हणून सगळे त्याच्याशी तुलना करतात. क्रॅबची फाइलही त्याच यादीत आहे. ती उतरवा, त्याच पट्टीची सरासरी काढा आणि आपल्या स्रोताला तिने भागा. स्विफ्ट उपग्रहाच्या बॅट उपकरणाचे आकडे वापरणार असाल (ते १५ ते ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात), तर तिथे एक क्रॅब म्हणजे ०.२२.

रंग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवखे नेमकी हीच पायरी गाळतात. चमक किती वाढली एवढ्यावर फारसं काही कळत नाही. ती कोणत्या पट्टीत वाढली, तिथे खरी गोष्ट आहे.

नवा रकाना घ्या: ४–१० ची चमक भागिले २–४ ची चमक. याला कठीणता म्हणा. दोन्ही पट्ट्यांत चमक त्रुटीच्या निदान तिप्पट असेल तेवढेच दिवस ठेवा, नाहीतर शून्याच्या जवळच्या आकड्याने भागून भलतेच डोंगर तयार होतात. मग आडव्या अक्षावर कठीणता, उभ्यावर एकूण चमक, दोन्ही अक्ष लॉग, असा आलेख काढा. बिंदू तारखेच्या क्रमाने रेघेने जोडा.

आता सावकाश वाचा. सुरुवात उजवीकडे खाली होते: मंद आणि कठीण. स्रोत उजव्या बाजूने वर चढतो. या काळात करोनाचा जोर असतो. मग वरच्या वर तो डावीकडे सरकतो, म्हणजे चमक तेवढीच राहते पण किरण मऊ होतात, तबकडीचा हिस्सा वाढतो. जे१८२० मध्ये हे जुलै २०१८ च्या सुरुवातीला झालं. पुढे तो डाव्या बाजूने खाली उतरतो आणि शरदात, बराच मंद झाल्यावर, पुन्हा उजवीकडे परततो. जाताना ज्या उंचीवरून गेला त्याच उंचीवरून तो परतत नाही. म्हणून आलेखावर रेघ न उमटता फेरा उमटतो, साधारण इंग्रजी क्यू अक्षरासारखा. म्हणजे तबकडीची अवस्था आज किती माल आत पडतोय एवढ्यावरून ठरत नाही, ती आधी कोणत्या अवस्थेत होती त्यावरही ठरते. नेमकं का, यावर अजून वाद चालू आहे.

वरच्या आडव्या वळणावर रेडिओ दुर्बिणींना अनेकदा वायूचे फवारे वेगाने बाहेर फेकलेले दिसतात. जे१८२० मध्येही ते दिसले. तुमच्या आलेखात फवारा दिसणार नाही, पण तो कोणत्या दिवसांत शोधायचा ते मात्र दिसेल.

दोन ताकिदी. मॅक्सीच्या यादीत न्यूट्रॉन तारेही (अतिशय दाट, पण पृष्ठभाग असलेले मृत तारे) भरपूर आहेत, आणि सर्वांत तेजस्वी स्को एक्स-१ त्यातलाच. ठरावीक ठोके पडताना दिसले, किंवा पृष्ठभागावर साठलेल्या मालाचा अणुस्फोट होऊन काही सेकंदांचा भडका दिसला, तर तिथे पृष्ठभाग आहे, म्हणजे ते कृष्णविवर नव्हे. दुसरी ताकीद: मॅक्सीची कठीणता आणि दुसऱ्या उपग्रहाची कठीणता यांची थेट तुलना करायची नाही, कारण पट्ट्या वेगळ्या असतात.

चढउतार किती? एक आकडा काढा

‘खूप बदलतो’ असं म्हणून भागत नाही. आकड्यांमधला काही चढउतार मोजणीतल्या त्रुटीचा असतो, तो आधी वजा करावा लागतो. शीटमध्ये निवडलेल्या दिवसांच्या चमकेची सरासरी काढा, विचरण काढा (व्हीएआर हे सूत्र), आणि त्रुटींच्या वर्गांची सरासरी काढा. विचरणातून त्रुटीवर्गांची सरासरी वजा करा, वर्गमूळ घ्या, सरासरी चमकेने भागा.

हिशेब कळावा म्हणून मनाने घेतलेले आकडे: सरासरी ०.८, विचरण ०.०४, त्रुटीवर्गांची सरासरी ०.०१. वजाबाकी ०.०३, वर्गमूळ ०.१७३, भागाकार ०.२२. म्हणजे खरा चढउतार २२ टक्के. वजाबाकी ऋण आली तर स्रोत बदलतच नाही असा अर्थ काढू नका. त्रुटीपेक्षा मोठा बदल या आकड्यांत दिसत नाही, एवढंच म्हणा.

उद्रेक चढत असताना हा आकडा काढू नका, चढणच त्यात मोजली जाईल. तुलनेने सपाट तुकडा निवडा. आणि कोणत्या कालावधीचा चढउतार हेही सोबत लिहा. सेकंदांच्या पातळीवर कठीण अवस्थेत हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपासही जातो, निव्वळ मऊ अवस्थेत तो बहुधा पाच टक्क्यांच्या खालीच राहतो. दिवसांच्या सरासरीत हा फरक दिसणार नाही.

फेरी शोधणं

यासाठी सिग्नस एक्स-१ घ्या. १९६४ च्या रॉकेट उड्डाणात सापडलेला, १९७० मध्ये सोडलेल्या उहुरू उपग्रहाने ज्याची झपाट्याने लुकलुकणारी चमक दाखवली तो हा जुना मानकरी. २०२१ च्या मोजणीनुसार त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट. जोडीदार हा निळसर महाकाय तारा. त्याचा वारा आपल्या आणि कृष्णविवराच्या मध्ये आला की मऊ किरण जास्त शोषले जातात, म्हणून ५.६ दिवसांचा ठोका मऊ पट्टीत शोधायचा, तोही स्रोत कठीण अवस्थेत असतानाचे दिवस निवडून.

इथे शीट पुरत नाही. खिंडारं असल्यामुळे साधं फुरिए रूपांतर (आकड्यांत लपलेले ठोके वेगळे काढणारं गणित) चालत नाही, लॉम्ब-स्कारगल पद्धत लागते. ती पायथनच्या अ‍ॅस्ट्रोपाय संचात तयार मिळते. पायथन घरच्या यंत्रावर बसवत बसू नका. गुगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं, गणित त्यांच्या यंत्रावर होतं, आपलं नेट नुसतं उत्तर आणायला लागतं. लाईन गेली तरी कोलॅबमधलं नोटबुक त्यांच्याकडे जतन असतं. मात्र उतरवलेली फाइल ड्राइव्हमध्ये ठेवा, नाहीतर जोडणी तुटली की ती पुन्हा चढवत बसावं लागतं.

दिवसाला एक बिंदू असेल तर दोन दिवसांपेक्षा लहान फेरी शोधता येत नाही. म्हणजे जे१८२० ची साडेसोळा तासांची फेरी या फाइलीत सापडली असं कुणी म्हणालं तर त्याचा आलेख नीट तपासा. आणि ७० दिवसांच्या आसपास शिखर आलं तर पेढे वाटू नका, अंतराळ स्थानकाची कक्षाच साधारण तेवढ्या काळात एक चक्कर फिरते. तोच प्रयोग क्रॅबच्या फाइलीवर करा. तिथेही तेच शिखर आलं तर ते उपकरणाचं आहे.

जलद थरथर

आता जड फाइली. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरचं (२८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून सोडलेला उपग्रह) लॅक्सपीसी हे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेलं उपकरण प्रत्येक फोटॉनची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदवतं. जुने आकडे इस्रोच्या आयएसएसडीसी केंद्राकडून नोंदणी करून मिळतात. तिथे तीन मोजणीयंत्रांपैकी २० क्रमांकाचं घ्या, बाकी दोघांना पुढे अडचणी आल्या. या फाइली तालुक्याच्या कॉलेजच्या वायफायवर रात्री लावून ठेवाव्यात. घरच्या दीड जीबीत ते होत नाही.

पद्धत अशी. निरीक्षणाचे सारख्या लांबीचे तुकडे करा, प्रत्येकाचं फुरिए रूपांतर घ्या, शक्तिपट (कोणत्या वारंवारतेला किती चढउतार आहे त्याचा आलेख) काढा, सगळ्यांची सरासरी घ्या. तुकडा १०० सेकंदांचा आणि खण (फोटॉन मोजायचा वेळेचा एक कप्पा) ०.०१ सेकंदाचा असेल, तर ०.०१ पासून ५० हर्ट्झपर्यंत दिसतं. त्यापलीकडचं हवं तर खण बारीक करा. एकट्या तुकड्याचा पट शंभर टक्के डळमळीत असतो, ३० तुकड्यांच्या सरासरीत ती डळमळ १८ टक्क्यांवर येते. स्टिंगरे नावाचा फुकट पायथन संच हे सगळं करतो, पण एकदा तरी हाताने करून बघा.

पटाच्या तळाशी एक सपाट पातळी दिसेल. पावसाचा जोर एकसारखा असला तरी टिनावर थेंब कधी दोन लागोपाठ पडतात, कधी थांबून पडतात, फोटॉनचंही तसंच. ही पातळी स्रोताची नाही, मोजण्याची आहे. लीही प्रमाणात (शक्तिपट मांडायची एक ठरलेली रीत) ती २ वर येते. जराशी खाली आली तर एक फोटॉन नोंदवताना यंत्र क्षणभर बंद असतं, त्याचा तो परिणाम. या पातळीच्या वर जे उरतं तेवढंच आपलं.

उरलेल्यात रुंद उंचवटे दिसतात, आणि कधी एखादं अरुंद शिखर. अगदी नियमित नाही पण ठोका तर आहे, अशा या शिखराला क्यूपीओ म्हणतात. कठीण आणि मधल्या अवस्थांत ते साधारण ०.१ ते ३० हर्ट्झमध्ये सापडतं. जे१८२० च्या निरीक्षणांत रोजच्या शिखराची जागा वहीत मांडत जा आणि ती कठीणतेच्या आलेखाशेजारी ठेवा. स्रोत मऊ होत गेला की शिखर सहसा वरच्या वारंवारतेकडे सरकतं. तबकडीची आतली कड आत सरकते म्हणून, की आतला तापलेला भाग कृष्णविवराच्या फिरण्यामुळे भोवऱ्यागत डोलतो म्हणून? दुसऱ्या कल्पनेच्या बाजूने बराच पुरावा आहे, पण निकाल लागलेला नाही. तुमच्या टिपणात मोजलेलं आणि त्याचा लावलेला अर्थ वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा.

हात बसला की जीआरएस १९१५+१०५ घ्या. हा १९९२ मध्ये सापडला. १९९६ च्या मार्चमध्ये पीएसएलव्हीने नेलेल्या भारतीय क्ष-किरण उपकरणानेही त्याचा अभ्यास केला होता. याच्या चढउतारांचे डझनावर प्रकार नोंदले गेलेत. एका प्रकारात चमक मिनिटभराच्या अंतराने ईसीजीसारखी उसळते, ती साध्या प्रकाशवक्रातही (वेळेनुसार चमकेच्या आलेखात) डोळ्यांना दिसते. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या २०१७ च्या जुलै ते सप्टेंबरच्या निरीक्षणांत ६७ ते ७२ हर्ट्झचा क्यूपीओ सापडलेला आहे. तो स्वतः काढून दाखवणं ही चांगली परीक्षा. २०१८ पासून हा स्रोत बराच मंद पडलाय, त्यामुळे जुनीच निरीक्षणं निवडा.

डोळ्यांनी काही बघायचंच असेल तर

जोडीदार तारा बघता येतो. दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास, हरभऱ्याच्या जागलीला जाल तेव्हा द्विनेत्री सोबत ठेवा. अंधार पडला की हंस तारकासमूह पश्चिमेकडे झुकलेला पण बराच उंच असतो. हंसाच्या मानेतला ईटा हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याच्यापासून जेमतेम अर्ध्या अंशावर नवव्या प्रतीचा, म्हणजे बराच मंद, एक तारा आहे, नकाशा घेऊन तो ओळखा. तोच सिग्नस एक्स-१ चा जोडीदार, सुमारे ७,२०० प्रकाशवर्षं दूर. लहान द्विनेत्रीला तो जड जातो, ५० मिलिमीटरच्या भिंगाला अंधाऱ्या शेतातून सापडतो. रोही किंवा रानडुकरांसाठी हातातली बॅटरी लावावी लागली, तर डोळे पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं द्या.

नवा उद्रेक झाला की मॅक्सीच्या पानावर तो दिसतो आणि ‘ॲस्ट्रोनॉमर्स टेलिग्राम’ या खगोलज्ञांच्या तातडीच्या ऑनलाइन संदेशांत त्याच दिवशी त्याची बातमी येते. ऑगस्ट २०२३ मध्ये स्विफ्ट जे१७२७.८-१६१३ असाच अचानक उजळला आणि काही दिवसांत क्रॅबच्या कित्येक पट झाला. असं काही झालं की पहिल्या दिवसापासून फाइल उतरवायला लागा. रोज चार आकडे लिहा: एकूण चमक क्रॅबमध्ये, कठीणता, आणि दोन्हींची त्रुटी. मॅक्सीचे ताजे आकडे मागाहून सुधारले जातात, म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण फाइल पुन्हा उतरवून जुनी तारखेच्या नावाने बाजूला ठेवा. तोवर रिकाम्या हाताने बसायचं नसेल तर जीएक्स ३३९-४ चे मागचे उद्रेक एकाच कठीणता-आलेखावर वेगवेगळ्या रंगांत काढा, आणि प्रत्येक वेळी मऊ अवस्थेकडचं वळण कोणत्या चमकेला आलं ते वहीत मांडा.